ढग किती?

सकाळी ६.०५

जूनच्या पहिल्या आठवड्यात वेताळ टेकडीवर दोन पक्ष येतात. एक चालायला येणाऱ्यांचा, दुसरा पाऊस कुठवर आलाय ते बघायला येणाऱ्यांचा. मी तिसरीच, घरात डोकं चालत नाही म्हणून येणारी. सोबत शेजारच्या काकू असतात. आज त्यांनी मध्येच विचारलं, "तू ढगांवर काम करतेस म्हणतेस, आणि तुझी लेक सांगते आई गणितं करते. नक्की काय करतेस गं?"

एवढ्या सकाळी 'टोपॉलॉजी' हा शब्द काढणं बरं नव्हे, आणि 'संस्थितिशास्त्र' हा तर कुठल्याच वेळी. वाटेत एक उंचवटा लागतो, त्याच्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, "काकू, ही वेगळी टेकडी धरायची का?"

"छे गं, नुसता उंचवटा तो."

"कशावरून?"

"चार पावलं उतरलं की लागतोच की पुढचा चढ!"

झालं. एखाद्या टोकावर उभं राहायचं आणि विचारायचं, आपल्याहून उंच जागी जायचं तर कमीत कमी किती उतरावं लागेल? चार पावलांत भागलं तर उंचवटा. खाली खिंडीपर्यंत दम निघेस्तोवर उतरावं लागलं तर तो स्वतंत्र डोंगर, मग त्याची उंची काही का असेना. ह्या उतरण्याला आमच्यात पर्सिस्टन्स म्हणतात. मी आपली 'टिकाव' म्हणते. काकूंना ह्यातली एकही संज्ञा ठाऊक नव्हती आणि उत्तर बरोबर होतं. वेताळ टेकडी शहरात सगळ्यात उंच, पण तिच्या अंगावरचे सगळे उंचवटे काही टेकड्या नव्हेत. ढगांचं तेच, फक्त उलटं.

सकाळी ९.१५

रात्री लावलेलं उरलेल्या चित्रांचं डाउनलोड उतरलंय. टेबलावर आज एकच दिवस आहे, ३ जून २०२०. त्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. आमची वाडी श्रीवर्धनला. ती सांभाळणाऱ्या अण्णांच्या पोफळी त्या दुपारी आडव्या झाल्या आणि अण्णांशी फोन लागायला चार दिवस गेले. हाच दिवस का निवडला ह्याचं कारण प्रकल्पाच्या अर्जात 'किनारपट्टीवरील सुस्पष्ट घटना' असं लिहिलं आहे.

चित्रं इन्सॅट-३डी ह्या उपग्रहाची. २०१३ च्या जुलैत सोडलेला, विषुववृत्तावर ८२ अंश पूर्व रेखांशावर, साधारण ३६ हजार किलोमीटर उंचीवर बसून तेव्हा दर अर्ध्या तासाला एक चित्र द्यायचा. म्हणजे दिवसाची ४८. अवरक्त चित्रातला एक ठिपका साधारण ४ किलोमीटर लांबीरुंदीचा, आणि त्यात रंग नसतो, तापमान असतं, ढगाच्या माथ्याचं. ढग जितका उंच वाढलेला तितका माथा गार. म्हणून आम्ही थंड टोकं शोधतो.

रोजचं पहिलं काम म्हणजे सगळ्यात कमी तापमान किती निघालं ते बघणं. आज निघालं शून्य. शून्य अंश सेल्सियस नव्हे, शून्य केल्विन. विश्वात कुठे नसलेला गारठा रत्नागिरीच्या समोर समुद्रावर! चित्रातल्या दोन ओळी उपग्रहाकडून आल्याच नव्हत्या आणि आमच्या स्क्रिप्टने रिकाम्या जागी गुपचूप शून्य भरलं होतं. हे आधी सापडलं नाही तर पुढे काय होतं ते मी एकदा भोगलंय. सगळ्यात थंड म्हणून तो न आलेला ढग अख्ख्या अरबी समुद्राचा कुटुंबप्रमुख होऊन बसतो.

सकाळी १०.३०

कुटुंबप्रमुख हा शब्द मी गमतीने वापरला नाही. तापमानाच्या पटावर पाणी चढवायचं, अशी कल्पना करा. सुरुवात १९० केल्विनपासून. सगळ्यात थंड टोकांत आधी पाणी दिसतं, एकेक तळं. पातळी वाढवत गेलं की तळी पसरतात, नवी उगवतात, आणि कधीतरी एका खिंडीत दोन तळी एकमेकांना मिळतात. मिळाल्यावर एकाचंच नाव पुढे चालतं. जे आधी जन्मलं, म्हणजे जे अधिक थंड, ते थोरलं. धाकट्याचा जमाखर्च त्या खिंडीत संपतो. धाकटं २०५ ला जन्मलं आणि २१९ ला संपलं, तर त्याचा टिकाव १४ केल्विन. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्यांना हा थोरल्याचा नियम दोनदा समजावून सांगावा लागत नाही.

ह्या सगळ्या जन्मांची आणि मीलनांची वंशावळ काढली की एक झाड तयार होतं. पानं म्हणजे थंड टोकं, बेचकी म्हणजे खिंडी. आमच्यात त्याला मर्ज ट्री म्हणतात. ते काढणारं एक हत्यार म्हणजे टोपॉलॉजी टूलकिट, पॅरिसच्या ज्युलियाँ तिएर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सगळ्यांसाठी मोकळं केलेलं, आकड्यांची चित्रं काढणाऱ्या पॅराव्ह्यू ह्या प्रोग्रामच्या आत बसणारं. ढगांवर ही युक्ती आपल्याकडेही आधीच झालेली आहे. हरीश दोरैस्वामी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय नटराजन व रवी नंजुंडैया यांनी २०१३ मध्ये ढगांच्या झुंडी अशाच झाडांवरून ओळखून त्यांचा माग काढून दाखवला होता.

मग जुनी पद्धत काय वाईट होती? जुनी पद्धत म्हणजे एक रेघ मारणं. २३५ केल्विन, म्हणजे उणे ३८ सेल्सियसच्या आसपास. त्याहून थंड तो पावसाचा ढग, बाकीचं सोडा. सोपं आहे, चालतंही. पण २३५ ला जो एक अजस्र ढग दिसतो तो २२१ वर तीन असतो आणि २०८ वर कदाचित सात. कुठला आकडा खरा? रेघ मारणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण दुसऱ्या रेघेवरचं चित्र त्याने बघितलेलंच नसतं. झाडात सगळ्या रेघा एकाच वेळी असतात. तोडायचं ते नंतर, सगळं बघून.

निसर्गनंतर वाडीत पंचनाम्याला आलेल्यांनी अण्णांना विचारलं होतं, पडलेली किती? अण्णा म्हणाले, पडलेली एवढी, शेंडा मोडलेली एवढी, आणि मुळं हललेली पण उभी असलेली एवढी, ती दिवाळीपर्यंत जातील. कागदावर रकाना एकच होता.

सकाळी ११.४०

"मॅडम, कालच्यापेक्षा आज तीन ढग जास्त निघतायत."

हा आमचा पीएचडीचा विद्यार्थी. बारामतीचा, म्हणून प्रयोगशाळेत सगळे बारामतीकरच म्हणतात.

"कुठल्या चित्रात?"

"दुपारी एकच्या. डेटा तोच, कोड तोच."

'कोड तोच' हे वाक्य मी 'प्लंबर निघालाय' इतक्याच विश्वासाने ऐकते. तरी आधी मॅक्सवेलची परीक्षा घेतली. हो, विजेच्या समीकरणांचेच जेम्स क्लार्क मॅक्सवेल. १८७० मध्ये त्यांनी टेकड्या आणि दऱ्यांवर एक छोटा लेख लिहिला. त्याच्या अकरा वर्षं आधी आर्थर केलींनी समोच्च रेषांवर लिहिलं होतं, तोच धागा. त्यातलं मर्म असं की शिखरं मोजा, त्यातून खिंडी वजा करा, खळगे मिळवा. अख्ख्या पृथ्वीगोलावर उत्तर २ यायला हवं. पाऊस पडो, भूकंप होवो, डोंगर खणून नेवोत, उत्तर २. नवा उंचवटा उगवला की त्याच्यासोबत एक खिंड उगवतेच. आमच्यासारख्या कापलेल्या चौकोनी चित्रासाठी उत्तर १.

कालचं १ आलं. आजचंही १ आलं. तीन ढग वाढले तेव्हा तीन खिंडीही वाढल्या, हिशेब जुळलेला. एवढंच कळलं की चूक हुशार आहे.

दुपारी १.१०

डबा. भेंडी. बारामतीकराने आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी काढली, मी तीन ढग विसरले.

दुपारी १.४५

माझा संशय जुळ्यांवर होता. उपग्रह तापमान १०२४ पायऱ्यांत मोजतो आणि थंड टोकाला त्या पायऱ्या मोठ्या होतात, कारण इतक्या गार माथ्याकडून किरणच मुळात थोडे येतात. त्यामुळे जिथे आम्हाला बारकावा हवा नेमक्या तिथेच शेजारशेजारच्या ठिपक्यांचे आकडे सारखे निघतात. दोघं सारखेच थंड, मग थोरला कोण? ह्यावर १९९० मध्ये हर्बर्ट एडेल्सब्रुनर आणि एर्न्स्ट म्युके यांनी बिनतक्रार चालणारा तोडगा दिला. बरोबरी झाली तर ज्याचा अनुक्रमांक आधीचा तो थोरला, आणि हा नियम शेवटपर्यंत मोडायचा नाही. रेशनच्या रांगेसारखं.

बरोबऱ्या शोधायला बसले. सापडल्या भरपूर. अनुक्रमांकाने थोरलेपण इकडचं तिकडे गेलंही होतं, नावं बदलली होती. पण थोरला-धाकटा बदलला म्हणून माणसं वाढत नाहीत. दीड तास गेला. ह्या दीड तासाबद्दल अहवालात काही येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

दुपारी ३.२०

प्रश्न बदलल्यावर सापडलं.

"कोड तोच, ठीक. पण कालपासून आत्तापर्यंत तू कशाला हात लावलास?"

"कशालाच नाही मॅडम. फक्त चित्र उलटं दिसत होतं, गोवा वर आणि मुंबई खाली, तेवढं सरळ केलं."

फक्त!

पाठकोऱ्या कागदावर चार आकडे मांडले. वरच्या ओळीत २१०, २२४. खालच्या ओळीत २२५, २११. चार ठिपके, चौकोनाचे चार कोपरे. डावीकडे वर आणि उजवीकडे खाली थंड, उरलेल्या दोन कोपऱ्यांत ऊब. आता प्रश्न असा की २१० आणि २११ शेजारी आहेत की नाहीत? चौकोनी वड्या कोपऱ्याला कोपरा लावून ठेवल्या तर त्या चिकटल्या म्हणायच्या का?

संगणकाला चौकोन आवडत नाहीत, त्रिकोण आवडतात. म्हणून तो प्रत्येक चौकोनात एक तिरकी रेघ मारून दोन त्रिकोण करतो, आणि सगळ्या चौकोनांत रेघ एकाच दिशेला. कालच्या उलट्या चित्रात ती रेघ नकाशावर वायव्येकडून आग्नेयेकडे जात होती, म्हणजे २१० ला २११ शी जोडत होती. जोडलं की २११ वेगळं टोकच राहत नाही, ते २१० च्या उतारावरचं एक पाऊल. टिकाव शून्य. आज बारामतीकराने चित्र सरळ केलं, रेघ नैऋत्य-ईशान्य झाली, २२५ आणि २२४ जोडले गेले आणि दोन थंड टोकांमध्ये भिंत आली. आता २११ ला २१० पर्यंत जायचं तर २२४ ची खिंड चढावी लागते. टिकाव १३. आमची चाळणी ५ केल्विनची, त्याहून कमी टिकावाचं टोक वेगळा ढग धरत नाही. काल एक ढग, आज दोन.

अशा कोपऱ्याला कोपरा लागलेल्या जागा सगळ्या चित्रात विखुरलेल्या असतात, पण वायव्य-आग्नेय अशा बारीक तिरप्या पट्ट्यात त्या एकामागोमाग एक येतात. दुपारी एकच्या चित्रात असा एक पट्टा होता, तोच तीन ठिकाणी तुटला.

"म्हणजे कालचं बरोबर होतं?" बारामतीकराने विचारलं.

कालचंही नाही. चार कोपऱ्यांचे आकडे आत सगळ्या बाजूंनी सारखे पसरत जातात असं धरलं, तर चौकोनाच्या पोटात एक खिंड असते आणि तिचं तापमान काढता येतं. २१० गुणिले २११, त्यातून २२४ गुणिले २२५ वजा. त्याला समोरासमोरच्या बेरजांच्या फरकाने भागायचं, म्हणजे ४२१ वजा ४४९. उत्तर २१७.५. टिकाव साडेसहा. त्रिकोणाच्या एका रेघेने शून्य, दुसरीने १३, आणि रेघ नसतीच तर साडेसहा. ही युक्तीही जुनीच आहे, १९९१ ची, निल्सन आणि हामान यांची. ती मला पाठ आहे, मी ती शिकवते. आणि तरी दीड तास जुळे मोजत बसले.

बारामतीकर कागदाचा फोटो काढून घेऊन गेला. मला तो कागद ठेवायचा होता, पण त्याच्या मागच्या बाजूला डब्याच्या चटणीचा डाग होता.

दुपारी ४.३०

हवामानाच्या अंदाजाचं काम करणाऱ्या एका सहकाऱ्यांसोबत बैठक. भला माणूस, पण घाईत. त्यांच्याकडे तेच चित्र रंगवून येतं, लाल, पिवळा, निळा. मला ह्या रंगांचा राग आहे. जिथे पिवळ्याचा लाल होतो तिथे डोळ्याला कडा दिसते, आणि तिथे कडा नसते, फक्त कोणीतरी निवडलेला आकडा असतो. टीव्हीवर निवेदिका "लाल भाग कोकणाकडे सरकतोय" म्हणते तेव्हा सरकत असतो तो २२१ हा आकडा. पण हा राग बैठकीत काढायचा नसतो.

मी झाड दाखवलं. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "छान आहे. आता सांगा, ढग किती?"

मी तक्ता पुढे केला. चाळणी १ केल्विनची लावली तर इतके, ५ ची लावली तर इतके, १० ची लावली तर इतके. त्यात ६ पासून ९ पर्यंत रेघ सपाट जाते, म्हणजे चाळणी थोडी मागेपुढे केली तरी संख्या हलत नाही.

"म्हणजे किती?"

"सपाट भागातली संख्या धरा. आणि सोबत लिहा की सपाट भागातली आहे."

"सोबत लिहायला जागा नसते हो," ते म्हणाले. खरंच नसते. त्यांच्या तक्त्यातही रकाना एकच.

संध्याकाळी ६.१५

दुरुस्ती लिहिली. जिथे जिथे थंड कोपरे तिरके समोरासमोर येतात तिथे चौकोनाच्या पोटातल्या खिंडीवर एक नवा बिंदू ठेवायचा आणि दोन त्रिकोणांऐवजी चार करायचे. चित्र सरळ असो की उलटं, उत्तर आता एकच येतं. बारामतीकराने चित्र आडवंही फिरवून बघितलं, तेव्हाही तेच. हे पुढे रोजच्या तपासणीत घालायचं, शून्य केल्विननंतर आणि मॅक्सवेलच्या आधी.

जाताजाता त्याने विचारलं, "पण मॅडम, तुम्हीच शिकवलंत की टिकाव स्थिर असतो. आकडे थोडे हलले तर टिकावही थोडाच हलतो. मग आज एवढा कसा बदलला?"

चांगला प्रश्न. ते प्रमेय खरं आहे. कोहेन-स्टाइनर, एडेल्सब्रुनर आणि हेरर यांचं, २००७ मध्ये छापलेलं, आणि ह्या सगळ्या धंद्याचा पाया त्यावर उभा आहे. पण ते म्हणतं की पट थोडा हलला तर टिकावांची यादी थोडीच हलेल. आपण पट थोडा हलवला नव्हता. तिरकी रेघ फिरवून २१० आणि २११ च्या मधोमध १३ केल्विनची भिंत बांधली होती. शिवाय प्रमेय यादीची हमी देतं, हद्दीची देत नाही. यादी तीच राहून अख्खा पाऊण ढग एका थोरल्याच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतो, बेचकं पाव केल्विनने इकडचं तिकडे झालं तरी. अर्ध्या तासानंतरच्या चित्रात मग आपण म्हणतो की ढग क्रमांक ७ विरला आणि क्रमांक १२ जन्मला. विरलं कोणी नाही, जन्मलं कोणी नाही.

"मग माग काढायचा कसा?"

"उद्या," मी म्हटलं. ४८ चित्रं रांगेत लावली. सकाळपर्यंत होतील.

रात्री ८.४०

अण्णांचा फोन. श्रीवर्धनला दोन दिवस ढगाळ, पाऊस नाही. तुमच्या उपग्रहाला विचार म्हणाले. उपग्रहाच्या एका ठिपक्यात गावाचा मोठा भाग मावतो, वाडीसकट, हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून ते त्याला 'तुमचा चष्मा नसलेला' म्हणतात.

निसर्गनंतर लावलेल्या पोफळींना ह्या वर्षी पोय फुटतेय. श्रीवर्धनी रोठा, पाच-सहा वर्षं वाट बघायला लावतो. अण्णा रोज संध्याकाळी मोजतात.

"किती झाल्या?"

"एकशे बारा."

"काल एकशे अकरा म्हणालात."

"तेवढ्याच आहेत. एक बांधावर उभी आहे, आपल्यात धरायची की पलीकडच्यांच्यात ते ठरत नव्हतं. आज आपल्यात धरली."

"पलीकडच्यांनी?"

"त्यांनीही धरली असणार," अण्णा म्हणाले. "फोन ठेव आता, बातम्या लागल्यात."